आठ जण आणि बाकीचे: पेनली लाइफबोट स्टेशन, १९ डिसेंबर १९८१

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉलमध्ये मावझल नावाचं मच्छीमारांचं छोटं गाव आहे. गावापासून जवळच, न्यूलिन बंदराकडे जाताना, पेनली पॉइंटवर लाइफबोटीची जुनी शेड आणि समुद्रात उतरणारा स्लिपवे आहे. १९ डिसेंबर १९८१ च्या शनिवारी रात्री ८ वाजून १२ मिनिटांनी 'सॉलोमन ब्राउन' नावाची लाकडी लाइफबोट आठ जणांना घेऊन या स्लिपवेवरून पाण्यात उतरली. 'युनियन स्टार' हे मालवाहू जहाज इंजिन बंद पडून खडकांकडे वाहत चाललं होतं आणि त्यावर आठ माणसं होती. रात्र संपली तेव्हा दोन्हीकडचे मिळून सोळाच्या सोळा जण गेले होते.

ही घटना बहुतेक ठिकाणी शौर्यकथा म्हणून सांगितली जाते, आणि ते चुकीचं नाही. पण लाइफबोट स्टेशन चालतं कसं, स्वयंसेवकांपैकी कोणाचं काम कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं, हे समजून घ्यायचं असेल तर शौर्य बाजूला ठेवून ती रात्र पुन्हा वाचावी लागते. कोणी कोणाला फोन केला, कोण सापडलं नाही, होडीत कोणाला घ्यायचं हे कोणी ठरवलं, कोणाला घेतलं नाही. मला या प्रकरणात सगळ्यात जास्त शिकण्यासारखं वाटतं ते किनाऱ्यावर राहिलेल्यांकडे पाहिलं की.

आधी संस्थेबद्दल थोडं

ब्रिटन आणि आयर्लंडच्या किनाऱ्यावर लाइफबोटी चालवते ती रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन, म्हणजे आरएनएलआय. १८२४ साली सर विल्यम हिलरी यांच्या पुढाकाराने ती स्थापन झाली. ही सरकारी संस्था नाही. लोकांच्या देणग्या आणि इच्छापत्रांतून मिळणारा पैसा यांवर ती मुख्यतः चालते. आज तिची २३८ स्टेशनं आहेत आणि होडीत जाणारे बहुसंख्य लोक स्वयंसेवक आहेत. संस्थेच्या हिशेबाने आजवर १,४०,००० हून अधिक जीव वाचले आहेत.

मराठी वाचकाचा इथे एक गोंधळ होऊ शकतो. आपल्याकडे समुद्रात अडकलेल्यांना सोडवण्याची जबाबदारी भारतीय तटरक्षक दलाची. जहाजं त्यांची, विमानं त्यांची, मुंबईतलं बचाव समन्वय केंद्रही त्यांचंच. शेजारची मच्छीमार होडी बुडताना दिसली तर कोकणातले खलाशी तिकडे धावतात, पण त्यासाठी बांधलेली वेगळी होडी, वेगळी शेड, वेगळी पदं असं काही नसतं. ब्रिटनमधला 'कोस्टगार्ड' हा शब्द ऐकून आपण तटरक्षक दल डोळ्यांपुढे आणतो आणि फसतो. तिथला कोस्टगार्ड सरकारी आहे, पण त्याचं मुख्य काम समन्वयाचं. हाक आली की कोणाला कळवायचं ते तो ठरवतो. लाइफबोट पाठवायची की नाही याचा होकार मात्र स्टेशनने द्यायचा असतो. कोस्टगार्ड विनंती करतो, हुकूम देत नाही. १९८१ ची रात्र समजण्यासाठी एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

जहाज

'युनियन स्टार' कोरं करकरीत होतं. डेन्मार्कमध्ये बांधलेलं, डब्लिनला नोंदवलेलं. नेदरलँड्समधल्या आयमाउडन बंदरातून खत भरून ते आयर्लंडमधल्या आर्क्लोकडे निघालं होतं. ही त्याची पहिलीच फेरी. कप्तान हेन्री मॉर्टन आणि चार खलाशी. शिवाय वाटेत इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, परवानगी नसलेल्या थांब्यावर, कप्तानाने आपल्या बायकोला आणि तिच्या दोन किशोरवयीन मुलींना जहाजावर घेतलं होतं.

वुल्फ रॉक दीपगृहाच्या पूर्वेला आठ मैलांवर इंजिन बंद पडलं. इंधनात समुद्राचं पाणी शिरलं होतं. संध्याकाळी सहाच्या सुमारास कप्तानाने फाल्मथच्या कोस्टगार्डला कळवलं. पण 'मेडे', म्हणजे जिवावर बेतल्याची अधिकृत हाक, दिली नाही. जवळच 'नोर्ड हॉलंड' नावाचा टग होता. त्याने ओढून नेण्याची तयारी दाखवली, 'लॉइड्स ओपन फॉर्म' या कराराखाली. या कराराचं तत्त्व असं, की जहाज वाचलं तरच पैसे; पण वाचलं तर किती द्यायचे ते नंतर लवाद ठरवणार, आणि रक्कम जहाजाच्या किमतीच्या मानाने भरभक्कम असू शकते. कप्तानाने आधी नकार दिला, मालकांशी बोलल्यावर होकार दिला. तोवर जहाज वाऱ्याबरोबर माउंट्स बे ओलांडून किनाऱ्याकडे सरकत होतं आणि टगला काही करता येण्याजोगं फारसं उरलं नव्हतं.

वाऱ्याचे झोत ९० नॉटपर्यंत, म्हणजे ताशी १७० किलोमीटरच्या आसपास. बोफर्ट मापावर बारा, त्यापुढे आकडा नाही. लाटा १८ मीटरपर्यंत उंच. पाच-सहा मजली इमारत उभी राहते आणि कोसळते, आणि लगेच मागून दुसरी.

कल्ड्रोजच्या नौदल तळावरून 'सी किंग' हेलिकॉप्टर निघालं. ते चालवत होते अमेरिकी नौदलाचे लेफ्टनंट कमांडर रसेल स्मिथ, आदलाबदलीच्या योजनेखाली ब्रिटिश नौदलात आलेले. वरून दोर सोडून माणसं उचलायची तर हेलिकॉप्टर जहाजाच्या अगदी डोक्यावर आणावं लागतं, आणि जहाज लाटांबरोबर असं उसळत होतं की त्याची डोलकाठी हेलिकॉप्टरच्या पात्यांपर्यंत पोचेल अशी भीती होती. त्यांनी प्रयत्न केले. एकही माणूस वर घेता आला नाही.

सेक्रेटरी सापडत नाहीत

त्या काळी प्रत्येक स्टेशनला एक मानद सेक्रेटरी असे. नाव कारकुनी वाटतं, पण अधिकार मोठा: होडी पाण्यात सोडायची की नाही याचा निर्णय त्यांचा. ते स्वतः होडीत जात नसत. मुद्दामच. समुद्रावर जाणाऱ्याच्या अंगात मदतीची ऊर्मी असते, मित्र बुडतोय म्हणून मन ओढतं; आणि निर्णय घेणारा कोरड्या जमिनीवर, हातात भरतीचं वेळापत्रक आणि हवामानाचा अंदाज घेऊन बसलेला असावा, हा त्यामागचा विचार.

त्या संध्याकाळी कोस्टगार्डला पेनलीच्या सेक्रेटरींशी संपर्क साधणं जमेना. डिसेंबरमधला शनिवार, नाताळ आठवड्यावर, मोबाइल फोन अजून यायचे होते. शेवटी त्यांनी कॉक्सन ट्रेवेलियन रिचर्ड्स यांनाच गाठलं. कॉक्सन म्हणजे लाइफबोटीचा तांडेल. हेलिकॉप्टरला जमलं नाही तर लागेल म्हणून त्यांनी होडी सज्ज ठेवली, माणसं बोलावली.

शौर्यकथेत ही गोष्ट एका वाक्यात संपते. प्रकरण अभ्यासात मात्र इथे थांबलं पाहिजे. 'जावं का?' हे ठरवायला एक पद आणि 'कसं जायचं?' हे ठरवायला दुसरं, अशी रचना होती. त्या सुरुवातीच्या वेळात हाक थेट दुसऱ्या पदावर येऊन पडली. निकाल वेगळा लागला असता असं मी म्हणत नाही. आठ माणसं खडकांकडे वाहत जाताहेत, हेलिकॉप्टर हतबल आहे, अशा वेळी 'नाही' म्हणणारा सेक्रेटरी विरळाच. पण रचनेतली फट फटच असते. तिने त्या रात्री नुकसान केलं नाही म्हणून ती बुजत नाही.

आज हे पद 'लाइफबोट ऑपरेशन्स मॅनेजर' या नावाने ओळखलं जातं आणि त्याच्या हाताखाली होकार देण्याचा अधिकार असलेले उपाधिकारी असतात. एक लग्नाला गेला असेल तर दुसरा, दुसरा दवाखान्यात असेल तर तिसरा. होडीवरच्या लोकांकडे पेजर असतात. आजही हे सगळे स्वयंसेवकच. कोणी निवृत्त शिक्षक, कोणी दुकानदार. रात्री अडीचला फोन उचलायचा, दोन-तीन प्रश्न विचारायचे, हो किंवा नाही म्हणायचं आणि होडी परत येईपर्यंत जागं राहायचं, हे त्यांचं काम. या पदावरच्या माणसाचा फोटो वर्तमानपत्रात क्वचितच येतो.

शेडमध्ये

हाकेला बारा जण धावून आले. रिचर्ड्स यांनी त्यांतले सात निवडले.

रिचर्ड्स ५६ वर्षांचे, मासेमारी ट्रॉलरचे तांडेल. त्यांच्याबरोबर निघालेले स्टीफन मॅड्रन हे दुय्यम कॉक्सन आणि मेकॅनिक. नायजेल ब्रॉकमन सहायक मेकॅनिक, व्यवसायाने मच्छीमार. जॉन ब्लूएट राखीव मेकॅनिक, एरवी टेलिफोन खात्यात इंजिनिअर. चार्ली ग्रीनहॉ गावातल्या 'शिप इन' या पबचे चालक. उरलेले तिघे बॅरी टॉरी, केव्हिन स्मिथ आणि गॅरी वॉलिस. यांतले शेवटचे दोघे विशीतले.

ही यादी पदांच्या अंगाने वाचली की एक गोष्ट नजरेत भरते. आठ जणांपैकी तिघांकडे इंजिनाची पदं आहेत. बाहेरच्याला हे जास्त वाटेल. पण बुडत्या जहाजाला होडी बाजूने लावायची म्हणजे काय, याचा विचार करून पाहा. पुढे, मागे, थांब, पुन्हा पुढे. एका मिनिटात इंजिनाचा जोर किती वेळा बदलावा लागेल याला हिशेब नाही. एक इंजिन दोन सेकंद खोकलं तरी लाट होडीला पोलादी भिंतीवर आपटणार. कॉक्सनच्या हातात सुकाणू असतं, पण मेकॅनिकवर भरवसा नसेल तर त्या सुकाणूला अर्थ नाही. आणि तो मेकॅनिक स्वतःच लाटेने फेकला गेला, डोकं आपटून पडला, तर त्याच्या जागी लगेच उभा राहणारा दुसरा हवा. 'राखीव मेकॅनिक' हे नाव कागदी वाटतं. त्या समुद्रात ते अजिबात कागदी नाही.

ग्रीनहॉ यांच्यासारखा पबवाला होडीत काय करतो, असाही प्रश्न मनात येतो. उत्तर असं की होडीत तो पबवाला नसतोच. डेकवर उभं राहून, एका हाताने कठड्याला धरून, उडी मारणाऱ्या माणसाला दुसऱ्या हाताने आत ओढणारा, दोर फेकणारा, थंडीने गारठलेल्याला खाली नेणारा माणूस लागतो. त्याला हे काम शंभरदा करून अंगवळणी पडलेलं असावं लागतं. किनाऱ्यावर त्याचा धंदा काय आहे याचा त्याच्याशी संबंध नाही. दोनच दिवसांपूर्वी गावातली नाताळची रोषणाई ग्रीनहॉ यांनी सुरू केली होती. मावझलमध्ये दरवर्षी १९ डिसेंबरला रात्री आठ ते नऊ ती रोषणाई आता मंद करतात.

आणि आता ज्यांना घेतलं नाही त्यांच्याबद्दल.

नायजेल ब्रॉकमन यांच्याबरोबर त्यांचा मुलगा नील शेडमध्ये आला होता. सतरा वर्षांचा. होडीत जायची त्याची तयारी होती. रिचर्ड्स यांनी त्याला थांबवलं: अशा रात्री एका घरातले दोघे नेणार नाही. वडील गेले, मुलगा मागे राहिला.

ही केवळ एका म्हाताऱ्या तांडेलाची माया होती असं मला वाटत नाही. बारा वर्षांपूर्वी, १७ मार्च १९६९ ला, स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांमधल्या लाँगहोप स्टेशनची लाइफबोट आठ जणांसह बुडाली होती. तीही याच जातीची, ४७ फुटी वॉटसन. त्या आठांत कॉक्सन आणि त्यांचे दोन मुलगे होते. मेकॅनिक आणि त्यांचेही दोन मुलगे होते. दोन घरांतले सहा पुरुष एका रात्रीत. लाइफबोटीच्या जगात लाँगहोप माहीत नसलेला तांडेल असणं शक्य नाही. रिचर्ड्स यांच्या मनात त्या क्षणी ते नाव होतं की नाही, सांगता येणार नाही. पण त्यांचा निर्णय ज्या शहाणपणातून आला ते कुठून आलेलं आहे हे स्पष्ट आहे.

निवड करणं म्हणजे फक्त चांगली माणसं वेचणं नव्हे. कोणाला मागे ठेवायचं हेही त्यात येतं, आणि ते अवघड काम आहे, कारण मागे राहणारा अपमान समजतो. अशा गावात सगळे एकमेकांचे मेव्हणे, भाचे, भागीदार. 'तू नको' हे तोंडावर सांगायला अधिकार लागतो आणि तो पदाने मिळत नाही, वर्षानुवर्षांच्या वागण्याने मिळतो.

स्लिपवे

होडी पाण्यात सोडणं हे किनाऱ्यावरच्या पथकाचं काम. शेडचे दरवाजे उघडायचे, साखळ्या सोडवायच्या, आणि कॉक्सनने खूण करेपर्यंत होडीला रोखणारी शेवटची कडी धरून ठेवायची. कॉक्सन स्लिपवेच्या टोकावर फुटणाऱ्या लाटा मोजत उभा असतो. दोन मोठ्या लाटांमध्ये थोडी उसंत मिळते. त्या वेळी खूण होते, कडी निघते आणि कित्येक टनांची होडी उतारावरून सुटते. खूण चुकली तर होडी स्लिपवेवरच आपटते. खूण बरोबर आणि कडी काढणारा एक क्षण उशिरा, तरी तेच. त्या वाऱ्यात ही होडी व्यवस्थित पाण्यात गेली. पेनलीच्या किनारी पथकाचं त्या रात्रीचं यश एवढंच आहे आणि ते कोणत्याही पदकात मोजलेलं नाही.

होडी गेल्यावर यांचं काम संपत नाही. तशा समुद्रात ती परत स्लिपवेवर चढवता येत नाही, जवळच्या बंदरात न्यावी लागते. म्हणजे तिकडे धावायचं, दोर घ्यायला माणसं उभी करायची, घोंगड्या आणि गरम चहाची सोय बघायची, वाचलेल्यांसाठी गाडी. तोवर रेडिओला कान लावून बसायचं.

बाजूला लावणं

'सॉलोमन ब्राउन' १९६० ची, लाकडी, ४७ फुटांची, जास्तीत जास्त वेग ९ नॉट. सायकलवाला तिला मागे टाकेल. या होडीने त्या अंधारात 'युनियन स्टार'पर्यंत वाट काढली आणि पुन्हा पुन्हा बाजूला लागण्याचा प्रयत्न केला. एकदा लाटेने तिला उचलून थेट जहाजाच्या डेकवर, मालकोठीच्या झाकणांवर आदळलं. ती घसरून परत पाण्यात आली. वरून हेलिकॉप्टरमधून रसेल स्मिथ हे पाहत होते. त्यांनी नंतर आरएनएलआयला लिहिलं, की होडी जहाजावर आपटून निघाल्यानंतरही ती परत बाजूला गेली आणि चार माणसं घेतली, असं धैर्य आपण आयुष्यात पाहिलं नाही आणि पुढेही पाहण्याची शक्यता नाही.

कॉक्सनने रेडिओवर कळवलं: चार जण उतरवून घेतले आहेत, बाई-पुरुष दोन्ही. दोघे अजून जहाजावर आहेत. मग आवाज तुटला. जहाजावर मूळ आठ होते, त्यामुळे चार आणि दोन हा हिशेब पूर्ण होत नाही. काही जण त्याआधीच समुद्रात पडले असावेत. फाल्मथचा कोस्टगार्ड पुढे कितीतरी वेळ 'पेनली लाइफबोट, पेनली लाइफबोट' अशी हाक देत राहिला.

हेलिकॉप्टर त्याआधी परत फिरलं होतं. होडी किनाऱ्यापासून दूर वळताना दिसली, म्हणजे ती घरी निघाली असा त्यांचा समज झाला. ती बहुधा उरलेल्यांसाठी पुन्हा गेली. चौकशीचा निष्कर्ष असा, की जहाजावरच्या सगळ्यांना वाचवण्याचा कॉक्सन आणि त्याच्या माणसांनी चिकाटीने केलेला प्रयत्न हेच होडी गमावण्याचं कारण. चार हातात आले होते. परत फिरायला हवं होतं का? प्रशिक्षणवर्गात हा प्रश्न विचारला की खोलीत दोन तट पडतात. माझं मत असं, की याचा नियम करता येणार नाही, आणि म्हणूनच तो अधिकार एकाच माणसाकडे असतो. होडी सोडू नका असं किनाऱ्यावरून सांगता येतं. पण ती एकदा समुद्रात गेली की शब्द कॉक्सनचा. बाकीच्या सातांनीही त्या शब्दाला मान देऊनच पाऊल टाकलेलं असतं. हे मान्य नसेल त्याने होडीत चढू नये, इतकं ते साधं आहे.

शोधासाठी शेजारच्या स्टेशनांतून होड्या निघाल्या. सेनन कोव्हच्या होडीला लँड्स एंडचं टोक वळून पुढे येताच आलं नाही. लिझर्डची होडी रात्रभर शोधून परतली तेव्हा तिच्या बुडाला मोठं भोक पडलेलं सापडलं. सेंट मेरीज बेटावरूनही होडी आली. सकाळी 'युनियन स्टार' टेटर डू दीपगृहाच्या पश्चिमेला खडकांवर उलटून पडलेलं होतं आणि 'सॉलोमन ब्राउन'च्या फळ्या किनाऱ्यावर लागत होत्या. सोळांपैकी काहींचे मृतदेह कधीच मिळाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी

एका दिवसाच्या आत मावझलमधून नवं पथक उभं राहील इतके लोक पुढे आले. गावाची लोकसंख्या, एका रात्रीत गेलेले आठ, आणि नाताळ तोंडावर, हे लक्षात घेतलं तर ही गोष्ट पचवायला वेळ लागतो. इथे मला पुन्हा शेडमधली निवड आठवते. बारांपैकी जे मागे राहिले त्यांना होडी माहीत होती. सगळी जाणती माणसं एकाच होडीत गेली असती तर दुसऱ्या दिवशी इच्छा असलेली माणसं मिळाली असती, शिकवणारी नाही. नील ब्रॉकमन पुढे याच पेनली स्टेशनचा कॉक्सन झाला.

रिचर्ड्स यांना मरणोत्तर सुवर्णपदक, बाकी सातांना कांस्यपदकं, स्टेशनला सुवर्णफलक. लोकांनी ३० लाख पौंडांहून अधिक निधी गोळा करून गावाकडे पाठवला. सरकारने त्यावर कर लावण्याची भाषा केली तेव्हा देश खवळला.

१९८३ साली 'मेबल अ‍ॅलिस' ही ५२ फुटी अरुन जातीची वेगवान होडी आली आणि ती न्यूलिन बंदरात पाण्यातच नांगरून ठेवली जाऊ लागली. म्हणजे स्लिपवेची गरज संपली. जुनी शेड तशीच जपली आहे, १९८५ साली शेजारी स्मृतिबाग केली. स्टेशन आता न्यूलिनला असलं तरी नाव पेनलीच. २००३ पासून तिथे 'आयव्हन एलन' ही सेव्हर्न जातीची १७ मीटरची होडी आली. तिचा वेग २५ नॉट, आणि ती उलटली तर आपोआप सरळ होते.

माणसं बदलली

होड्यांपेक्षा मोठा बदल माणसांमध्ये झाला, आणि तो या प्रकरणाशी जोडून क्वचित सांगितला जातो. १९८१ च्या आठांत समुद्रावर पोट असलेले बरेच होते. आरएनएलआयच्याच सांगण्यानुसार आज दहा स्वयंसेवकांपैकी जेमतेम एकाचा समुद्राशी व्यावसायिक संबंध असतो. मासेमारी आटली, किनाऱ्यावरची घरं सुट्टीसाठी विकत घेतली गेली, आणि पेजर वाजला की धावत येणारी व्यक्ती सुतार असते, परिचारिका असते, सॉफ्टवेअर लिहिणारी असते. बायका पथकांत आहेत. ब्लूएट आणि ग्रीनहॉ तेव्हा अपवाद वाटत असतील. आता तेच नेहमीचं चित्र.

याचा पदांवर थेट परिणाम होतो. रिचर्ड्स यांच्या काळी माणूस स्टेशनला येताना समुद्र अंगात घेऊन येई. स्टेशनने त्याला फक्त ही होडी शिकवायची. आता स्टेशनला समुद्रच शिकवावा लागतो. त्यासाठी २००४ साली संस्थेने पूल शहरात स्वतःचं कॉलेज काढलं. तिथल्या तलावात लाटा, अंधार, पाऊस तयार करून उलटलेल्या होडीतून बाहेर पडायला शिकवतात. म्हणून आज स्टेशनवरचा प्रशिक्षण बघणारा माणूस कॉक्सनइतकाच महत्त्वाचा झाला आहे. दर आठवड्याच्या सरावाला कोण आलं, रात्री रडारवर वाट काढण्याची कोणाची चाचणी बाकी आहे, कोणाला अजून सुकाणू द्यायचं नाही, हे सगळं तो लिहून ठेवतो. कंटाळवाणं काम आहे. पण पेजर वाजल्यावर शेडमध्ये आलेल्या बारांतून सात निवडणाऱ्या कॉक्सनच्या हातात आता ती वही असते. १९८१ मध्ये ती त्याच्या डोक्यात होती.

अनेक स्टेशनांवर मेकॅनिक, कुठे कुठे कॉक्सनही, पूर्णवेळ पगारी असतात, कारण इंजिन रविवारी संध्याकाळी वेळ काढून सांभाळण्याची गोष्ट नाही. वाळूवरून होडी सोडायची असेल तिथे ट्रॅक्टरचालक असतो. याशिवाय सल्ला देणारे डॉक्टर, पत्रकारांशी बोलणारा अधिकारी, दुकान आणि देणगीच्या पेट्या सांभाळणारे. पत्रकारांशी बोलणाऱ्याची गरज कोणाला कळत नसेल तर त्याने डिसेंबर १९८१ च्या त्या आठवड्यातलं मावझल आठवावं: प्रत्येक दारावर कॅमेरा, आणि दारामागे ज्यांचा माणूस अजून सापडलेला नाही असं घर.

जे पद नव्हतं

एक भूमिका त्या रात्री कोणाकडेच नव्हती. 'टगचा दोर आत्ता घ्या' असं कप्तान मॉर्टनला बजावून सांगण्याची. कोस्टगार्ड विचारू शकत होता, सुचवू शकत होता. टगवाल्याचा त्यात धंदा होता, म्हणून त्याच्या शब्दाला वजन कमी. मालक दूर होता. लाइफबोटीला जहाजाबद्दल बोलायचा अधिकार नाही, तिचा संबंध माणसांशी. जहाज अजून खोल पाण्यात होतं आणि काही करणं शक्य होतं, तेव्हाचा वेळ या मधल्या रिकाम्या जागेत गेला.

ब्रिटनने १९९९ मध्ये यासाठी एक पद निर्माण केलं, ते १९९६ च्या 'सी एम्प्रेस' या तेलवाहू जहाजाच्या अपघातानंतर. मराठीत त्याला 'मंत्र्यांचा बचावकार्य प्रतिनिधी' म्हणता येईल. संकटातल्या जहाजाचा कप्तान, मालक आणि टगवाले या सगळ्यांना तो आदेश देऊ शकतो, आणि त्या क्षणी त्याला मंत्र्यांची परवानगीही घेत बसावं लागत नाही. 'युनियन स्टार'च्या बाबतीत असं कोणी असतं तर उपयोग झाला असता का? पहिली खबर सहाच्या सुमाराची, होडी पाण्यात गेली ८ वाजून १२ मिनिटांनी. मधे दोन तास. पहिला अर्धा तास कामी आला असता तर दोर बांधण्याची थोडी शक्यता होती. त्यानंतर, त्या वाऱ्यात, मला नाही वाटत.